मशीन वाढवून रांग सरकणार नाही

दादा, वर तुम्ही लिहिलंय की सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, एक्स-रे मशीन वाढवली की तपासणीची रांग सुटेल. मला नाही पटत. मशीन ट्रे येईपर्यंत थांबतं. वेळ जातो तो त्याच्या आधी, टेबलाशी. पट्टा सोडा, लॅपटॉप काढा, खिशातली चिल्लर काढा.

साध्या एक्स-रेत चित्र सपाट दिसतं आणि लॅपटॉपच्या आड काय आहे ते कळत नाही, म्हणून तो वेगळा ठेवायला लावतात. सीटी स्कॅनरमध्ये बॅगेचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं, मग काढायची गरज उरत नाही. पण ती मशीनं महाग आणि जड. लहान विमानतळाला लगेच कोण देतंय?

तोवर स्वस्तातला उपाय करा की हो. खानापूर, निपाणीकडून मुलाकडं निघालेल्या आजींच्या बटव्यात अडकित्ता असणारच. तो चेक-इनच्या बॅगेत टाकायचा, हे चेक-इन काउंटरलाच मराठी-कन्नडमध्ये, चित्रासकट सांगितलं तर पुढचा अर्धा वाद मिटेल. पॉवर बँकेचं नेमकं उलटं: ती हातातल्याच बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनमध्येही चालत नाहीत, तेलामुळं पेट घ्यायची भीती असते. हे घरून निघताना कुणाला माहीत असतं?

आणि पेसमेकरवाल्यांनी मेटल डिटेक्टरच्या दारातून जायच्या आधीच जवानाला सांगावं, हाताने तपासतात. लाजायचं काय त्यात?

विमानतळावरच्या डिजियात्रा ॲपचं कौतुक ठीक आहे, पण ते चेहरा ओळखतं. बॅग कुठं बघतं?