मंडळीतर्फे ऊसतोडीच्या कोप्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करावी?

मळ्यातला_तरुण

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. मी नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). आमची मंडळी (म्हणजे चर्चची सभासद घरं) छोटी, साठ-पासष्ट घरं, तरुण संघात आम्ही बारा-तेरा जण. चर्चच्या मागं ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडवाले उतरतात, बहुतेक बीडकडचे, यंदा चाळीसेक कोप्या (त्यांच्या झोपड्या) पडल्यात.

गेल्या नाताळात आम्ही वर्गणी काढून तिथं चादरी आणि केक वाटले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी शाबासकी दिली. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. एका बाईने चादर घेतली, कडेवर पोरगं होतं, चादरीची घडी तिने उघडलीसुद्धा नाही आणि मला म्हणाली, "दादा, चादरी तिघांनी दिल्या, प्यायचं पाणी कुठं भेटल तेवढं सांगा." ते लोक ओढ्यात झिरा खणून वाटीने पाणी भरतात, तिची घागर मी बघितली, तळाला बोटभर गाळ होता. आणि आमच्या चर्चला बोअर आहे हो, चांगलं पाणी आहे त्याला. इतकी वर्षं आम्ही दर रविवारी तिथून दोनशे पावलांवर उपासना करतोय आणि हे माहीतच नव्हतं.

त्याच दिवशी गावातली दोन पोरं गाडीवर आली, "बाटवायला आलाय का रे" म्हणाली, दोघंही माझ्याच वर्गातली. मुकादमानेही (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराने) नंतर निरोप धाडला की परत विचारल्याशिवाय यायचं नाही.

आता यंदा काहीतरी नीट करायचंय पण कळत नाहीये. चर्चचे पंच म्हणतात पैसा कंपाउंडच्या भिंतीला लागणार आहे, आमच्यातलेच काही म्हणतात नवा करार वाटल्याशिवाय सेवा कसली, काही म्हणतात नसत्या भानगडीत पडूच नका. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा, रागावलात तरी चालेल.

निवृत्त_सिस्टरबाई

बाळा, रागवायचं कशाला, तुला ती घागर दिसली हेच खूप आहे, पुष्कळांना वाटप करताना समोरचं माणूसच दिसत नाही.

माझी सगळी नोकरी मिशन हॉस्पिटलात गेली, त्यामुळे मी तुला जामखेडचं सांगते, तुझ्याच जिल्ह्यातलं आहे आणि तुझ्या प्रश्नाला अगदी लागू पडतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले, ख्रिस्ती, १९७० साली जामखेडला आले ते दवाखाना काढायला. गावोगाव फिरून लोकांशी बोलले तेव्हा लोक म्हणाले औषधं नंतर बघू, आधी पाणी आणि खायला द्या. पुढं ७२ चा दुष्काळ तर तू घरी ऐकलाच असशील. तर त्यांनी औषधाच्या बरोबरीने पाण्याचं आणि पोरांच्या खाण्याचं काम हातात घेतलं. गावातले पुरुष एकत्र यावेत म्हणून व्हॉलीबॉल सुरू केला, एका नेटवर सगळ्या जातीची माणसं खेळायला लागली आणि त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. लोकांना आज ऐकून नवल वाटतं, डॉक्टर आणि व्हॉलीबॉल, पण खेळ झाल्यावर माणसं तिथंच बसायची आणि मग गावातल्या अडचणींवर बोलणं व्हायचं, तेच पाहिजे होतं.

आणि आरोग्याचं काम कुणी केलं तर गावातल्याच बायकांनी, कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी जणी दलित वस्तीतल्या. आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि परत गावात जाऊन बाळंतपणं, पोरांची वजनं, जुलाब झाला तर मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं बघायच्या. १९७९ ला आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे मिळालं, पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिलाच गावाने बाळंतपणाला घरात बोलावलं.

तेव्हा माझं म्हणणं एकच, वाटायला जाऊ नकोस, विचारायला जा. तुला त्या बाईने विचारायच्या आधीच सांगितलंय, पाणी पाहिजे. मग पाण्यानेच सुरुवात कर.

आणखी दोन गोष्टी, या कामातल्या माणसाला माहीत असाव्यात म्हणून लिहिते. कोपीवरच्या गरोदर बायका आणि सहा वर्षांच्या आतली पोरं, त्यांचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत असलं तरी इथल्या अंगणवाडीतून आहार आणि लसीकरण मिळू शकतं, पण त्या बाया पहाटे तीनला फडात जातात, सेविकाताईंना त्या भेटतच नाहीत. तू आधी सेविकाताई आणि आशाताईंना भेट, त्यांना सोबत घेऊन संध्याकाळी जा. दुसरं रेशन. वन नेशन वन रेशनमुळे बीडचं कार्ड इथल्या दुकानात चालतं, अंगठा लागला की धान्य मिळतं, कित्येकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्यातलं एक शिकलेलं पोरगं त्यांच्याबरोबर दुकानात नुसतं उभं राहिलं तरी फरक पडतो. दुकानदार एकट्या परगावच्या बाईला उद्या ये म्हणतो, सोबत कुणी असलं की म्हणत नाही.

वसईकर

आमच्याकडे कॅथलिक धर्मग्रामात सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी असते, ही पॅरिसला १८३३ मध्ये कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेली, म्हणजे तुमच्या तरुण संघाच्याच वयाची. माझे वडील त्यात तीसेक वर्षं होते. त्यांची पद्धत अशी की घरी जायचं ते दोघांनी मिळून, बसायचं, चहा दिला तर प्यायचा, आणि कुणाला काय मदत केली ते बाहेर बोलायचं नाही. वडील गेले तेव्हा मयतीला एक मच्छीवाली बाई येऊन रडत बसली, आम्ही तिला ओळखत नव्हतो, नंतर कळलं तिच्या मुलीची फी बारावीपर्यंत इथून जात होती. आईलासुद्धा माहीत नव्हतं.

म्हणून फोटोचं मनापासून सांगतो, बंद करा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहेच की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आपल्याला कुणी फाटक्या कपड्यात उभं करून फोटो काढला तर कसं वाटेल हा विचार करा.

नव्या कराराचं म्हणाल तर वाटपाच्या पिशवीत तो घालू नका. भुकेला माणूस पिशवी घेतोच, त्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हातात आपण आपला पवित्र ग्रंथ ठेवला तर मान ग्रंथाचाही राहत नाही आणि माणसाचाही नाही. कुणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं सांगा, लपवायचं काहीच नाही.

गावातल्या त्या दोन पोरांना टाळू नका, उलट त्यांनाच बोलवा. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि शेती वाचवायला लोक उभे केले तेव्हा त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, कारण विहीर आटली की ती सगळ्यांचीच आटते. हेच फादर २०२० ला धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शेजारी बरोबर असला की संशयाला जागाच उरत नाही.

कोपीतला_पोर

मी ख्रिश्चन नाही, शिरूर कासारकडचा आहे, आईबाप वीस वर्षं तोडीला होते आणि माझी पहिली सहा-सात वर्षं कोपीतच गेली म्हणून लिहितोय, आज पुण्यात नोकरी करतो.

वरच्या सिस्टरबाईंनी पहाटे तीनचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. आई उठायची, भाकरी थापून फडक्यात बांधायची, आणि मी आणि माझी बहीण, मी सहा वर्षांचा ती दीड वर्षाची, आम्ही कोपीतच. ती रडायला लागली की मी तिला पाचटावर बसवून पातेलं वाजवायचो. दिवसभर तेच. त्या गावात एक म्हातारी मावशी होती, ती अकराच्या सुमाराला यायची आणि आम्हा सात-आठ पोरांना तिच्या पडवीत नेऊन बसवायची, गुळाचा खडा द्यायची, आई परत आली की सोडायची. तिचं नाव गाव जात धर्म मला काही माहीत नाही. पण तोडीवरच्या आठवणींत भीती नसलेली आठवण तेवढीच आहे.

भाऊ तुला सरळ सांगतो काय लागतं ते. पाणी तर आहेच. दुसरं पोरं सांभाळायला जागा, चर्चचा हॉल सोमवार ते शनिवार रिकामाच असणार ना, सकाळी सहा ते दुपारपर्यंत उघडा ठेव आणि दोन बायका बसव. तिसरं बायकांना आडोसा. उजेडात जायची सोय नाही म्हणून माझी आई दिवसभर पाणीच प्यायची नाही, मग लघवीची जळजळ, मग ताप, आणि आजारी पडून खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. चार पत्रे आणि एक खड्डा, एवढ्याने किती बायकांचं दुखणं वाचेल तुला कल्पना नाही.

मुकादमाला वगळून काही करू नको. त्याने कारखान्याकडून पैसे उचललेले असतात आणि एकेका कोयत्याला (म्हणजे नवराबायकोच्या जोडीला) उचल दिलेली असते, त्याला सारखी धास्ती असते की कुणी येऊन माणसं फोडतंय. त्याच्याकडे आधी जा, बस, सांग की आम्ही मजुरीच्या विषयात बोलायला आलो नाही, पाण्याचं आणि लेकरांचं बघतोय. बहुतेक जण हो म्हणतात, पोरं नीट राहिली तर काम त्याचंच होतं.

आणि मार्चमध्ये पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) करा. दोन महिने करून सोडायचं असेल तर सुरूच करू नका, लेकरं वाट बघतात.

पाळकीणबाई

लेकरा, मी पाळकाची बायको, चार गावांच्या मंडळ्यांत राहून झालंय, त्यामुळे पंचांचा विषय माझ्याकडे.

पंचांशी भांडू नका, वयाने मोठी माणसं आहेत, त्यांनी चर्च जपलंय म्हणून तुम्हाला हॉल आहे. त्यांना रविवारी उपासनेनंतर चहा पाजून सोबत ओढ्यावर घेऊन जा आणि ती घागर दाखवा, एवढंच करा. आमच्याकडे असंच झालं होतं वीटभट्टीवर, जे पंच सगळ्यात जास्त विरोधात होते त्यांनीच दुसऱ्या दिवशी प्लंबर आणला.

पैशाचं म्हणाल तर हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, कोंबड्या, अंडी, भोपळे आणतात आणि लिलाव होतो, त्या लिलावाची रक्कम यंदा या कामाला द्यावी असा ठराव मांडा, हंगामाच्या दानातून हंगामी माणसांसाठी, कुणी नाही म्हणणार नाही. आमच्या महिला मंडळात प्रत्येकीने भाकरीचं पीठ मळताना एक मूठ बाजूला काढायची असं ठरवलं होतं, महिन्याला चांगली दीड-दोन पायली जमायची, त्यावर पोरांची दुपारची खिचडी-भाकरी निघायची.

आणि कुणी म्हणालं की हे चर्चचं काम नाही, तर त्याला पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन जा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, शेकड्यांनी, बरोबर घेऊन आल्या, कुठं ठेवायचं ते आधी ठरलेलं नव्हतं, मांडव घालून ठेवलं. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन अजून उभं आहे.

एक विचारते, पोरं सांभाळायला बसवणाऱ्या बायका नेमणार की फुकट? माझं मत, कोपीवरचीच एखादी म्हातारी किंवा बाळंतीण, जिला फडात जाता येत नाही, तिला घ्या आणि रोजचे पैसे द्या. पोरं तिच्याकडं रडत नाहीत.

मळ्यातला_तरुण

उशीर झाला उत्तराला, माफ करा, पण जे सांगितलंत ते करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मुकादमाकडे गेलो, मी आणि गाडीवरच्या त्या दोघांपैकी एक जण, हो, त्यालाच बोलावलं, त्याचा मामा स्वतः तोडीला जातो हे मला शाळेत असताना कधी कळलं नव्हतं. मुकादम आधी तुटक बोलला, पाण्याचं काढलं तसा सैल झाला. पंचांना रविवारी नेलं. आमचे जे सगळ्यात मोठे पंच आहेत ते झिऱ्यापाशी बराच वेळ उभे राहिले, काहीच बोलले नाहीत, संध्याकाळी फोन करून म्हणाले भिंतीचं काम पुढच्या वर्षी बघू.

बोअरपासून ओढ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत पाईप टाकला, पोरांनीच चर खणला, दोन तोट्या बसवल्या. परवा संध्याकाळी पाणी सोडलं. पहिली घागर एका म्हातारीने लावली, आधी ओंजळीत घेऊन चव बघितली, मग मला विचारलं रोज येणार का. मी म्हटलं पट्टा पडेपर्यंत येणार. त्या चादरवाल्या ताई यंदा या टोळीत नाहीत, विचारलं, दुसऱ्या कारखान्याला गेल्यात म्हणे.

हॉल सोमवारपासून उघडतोय, सेविकाताई येणार आहेत, मोजून एकोणीस पोरं आहेत सहाच्या आतली. कोपीवरच्या एक आजी बसायला तयार झाल्यात. आडोशाच्या पत्र्यांचं अजून जमलेलं नाही आणि लाईट गेली की मोटार बंद पडते, म्हणून नगर किंवा श्रीरामपूर भागात कुणाकडे जुनी हजार लिटरची टाकी किंवा पत्रे पडून असतील तर इथंच कळवा, आम्ही टेम्पो घेऊन येतो.