घोट्याजवळची जखम भरत नाही. कॉम्प्रेशन मोजे घालावेत का?

प्रश्न
माझ्या आईच्या डाव्या पायाला, आतल्या बाजूने घोट्याच्या जरा वर, चार महिन्यांपासून जखम आहे. भोवतालची कातडी काळपट तपकिरी होऊन कडक झाली आहे आणि संध्याकाळपर्यंत ड्रेसिंग लसीने ओले होते. व्हेरिकोज व्हेन्समुळे हे झाल्याचे सांगून डॉक्टरांनी कॉम्प्रेशन मोजे सुचवले आहेत. पण आधीच जखम असलेल्या पायाला आवळले, तर रक्तपुरवठा तुटून ती आणखी चिघळणार नाही का?

प्रतिसाद १
जखमांच्या ड्रेसिंगचे काम मी अनेक वर्षे करते, आणि ही शंका जवळजवळ प्रत्येक घरातून येते. या जखमेत रक्त पायापर्यंत पोहोचत असते. ते वर परतत नाही, कारण नीलांमधल्या झडपा नीट मिटत नाहीत. त्यामुळे रक्त खाली साचून दाब वाढतो, पाणी झिरपून सूज येते आणि त्या सुजेत नवी कातडी धरत नाही. मोज्याचा दाब घोट्याशी सर्वाधिक आणि वर पोटरीकडे कमी होत गेलेला असतो, म्हणून चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलू शकतात. अशा जखमेसाठी घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब लागतो. प्रवासात घालायचे साधे मोजे इथे पुरे पडत नाहीत.

मात्र रोहिणीचा, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीचा, रक्तपुरवठा तपासल्याशिवाय मोजा चढवू नका. डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारे उपकरण, लावून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात. त्यांचे गुणोत्तर ०.८ ते १.३ असेल तर सहसा पूर्ण दाब देता येतो; ०.५ च्या खाली असेल तर दाब देतच नाहीत.

प्रश्नकर्ती
आईला मधुमेह आहे. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद १
हो, पडतो. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्या असतील तर हे गुणोत्तर फसवे, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकते, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजून घ्या. पायाची संवेदना कमी असेल तर मोजा रुततो आहे हे त्यांना कळणारही नाही. तेव्हा बोटे रोज तुम्हीच पाहा. ती गार, निळसर किंवा बधिर वाटली, किंवा पाय अचानक दुखू लागला, तर मोजा ताबडतोब काढून डॉक्टरांना कळवा.

प्रतिसाद २
वडिलांच्या वेळी आम्हाला दोन मोज्यांचा संच मिळाला होता: ड्रेसिंग जागेवर धरणारा पातळ मोजा आत आणि घट्ट मोजा त्यावर. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, म्हणजे सूज उतरलेली असतानाच, मी तो चढवत असे. हातात रबरी हातमोजे घातले की कापड नखांत न अडकता तळव्याने वर सरकवता येते. घोट्यापुढच्या खाचेत एकही वळी राहू देऊ नका. आमच्याकडे तिथेच एकदा लाल रेघ उमटली होती. वरची कड दुमडायचीही नाही, कारण दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो. जखम भरल्यावर आम्ही मोजे बंद केले आणि काही महिन्यांत ती त्याच जागी पुन्हा उघडली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

प्रतिसाद ३
मोज्यांबरोबरच बिघडलेल्या नीलेवर उपचार करता येईल का, हेही रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना विचारा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इव्हरा चाचणीत, कॉम्प्रेशनसोबत असा उपचार लवकर केलेल्या रुग्णांच्या जखमा अधिक लवकर भरल्याचे दिसले होते.