मदत हवी आहे: ५० एमएम लेन्सने मृग नक्षत्र, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख

निशाचर_ठाणे:
शनिवारी अमावास्या, त्याआधी उत्तर हवंय. एफ/१.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, मृगाचे फोटो काढले. मधले तारे बारीक टिपके, कोपऱ्यातल्यांना मात्र पंख फुटलेत. लेन्स खराब आहे का? दुकानदार परत घेत नाहीये.

अवलिया:
कॅमेरा कोणता? एक्स्पोजर किती? नुसता ट्रायपॉड की ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर?

निशाचर_ठाणे:
क्रॉप (छोटा) सेन्सर, ३० सेकंद. ट्रॅकर आहेच हो, नाहीतर मधल्या ताऱ्यांच्या रेघा नसत्या का आल्या!

दर्याकिनारी:
लेन्सच्या नादी लागू नका. १३० एमएमची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घ्या, एफ/५. मृगातला तेजोमेघ बघत राहाल.

अवलिया:
दर्या, त्यांनी दुर्बीण कुठे विचारलीय? आणि एफ/५ न्यूटोनियनलाही कडेला कोमा, म्हणजे असेच पंख, येतोच; तो घालवणारा करेक्टर वेगळा घ्यावा लागतो.
निशाचर, चारही कोपऱ्यांत पंख सारखेच असतील तर लेन्स ठीक आहे. पूर्ण उघडल्यावर भिंगाच्या कडेकडून येणारे किरण एका बिंदूत जुळत नाहीत. एफ/४ वर या, म्हणजे लेन्सचं भोक लहान करा. उजेड पाचपट घटेल, तेवढ्या फ्रेम वाढवून स्टॅक करा (एकावर एक रचून एक फोटो बनवा). एकाच कोपऱ्यात जास्त असतील तर भिंग तिरकं बसलंय, मग दुकानदाराला सोडू नका.

धूमकेतू७:
एफ/४ कशाला? २.८ पुरे, अडीचपटच उजेड जातो. शिवाय लेन्समधली पाती मिटली की राजन्य या मृगातल्या ठळक ताऱ्याभोवती काटे येतात. मी लेन्स उघडीच ठेवून पुढे गोल भोकाचा काळा पुठ्ठा लावतो, काटे येत नाहीत.

मामा_नाशिक:
एफ रेशोचं (फोकल लांबी भागिले व्यास) एवढं काय? खरा व्यास. माझी ८ इंची दुर्बीण एफ/१० आहे, तारे कसे सुईच्या टोकासारखे!

अवलिया:
मामा, ताऱ्यांपुरतं बरोबर. तेजोमेघ पसरट असतो, त्याचा एकेका पिक्सेलवर किती उजेड पडणार ते एफ रेशोच ठरवतो. तुमच्या एफ/१० ला एफ/५ च्या चौपट वेळ लागेल.

चांदणवेल:
तारे बघायला बदलापूरजवळच्या वांगणीला कोणी जातं का अजून? तिथेही आता मुंबईकडचं आकाश उजळलेलं असतं.

निशाचर_ठाणे:
वांगणी नंतर! चारही कोपरे सारखेच आहेत. २.८ की ४, एक काय ते सांगा.

अवलिया:
राजन्य मुद्दाम कोपऱ्यात ठेवा, दोन्हींवर एकेक फ्रेम घ्या, स्क्रीनवर पूर्ण मोठी करून बघा. २.८ ला पंख गेले असतील तर तिथेच थांबा.