मदत हवी आहे: डबल कॅसेट टू-इन-वन, एक स्पीकर मुका, टेप ओढतो; दंडारीच्या जुन्या कॅसेटी वाजवायच्या आहेत

धानवाला_नागभीड
नमस्कार मंडळी. नागभीड तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. जुने टेप, रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर जमवायचा नाद आहे. माल बहुतेक भंगारवाल्याकडून नाहीतर धंदा बंद केलेल्या लाऊडस्पीकरवाल्यांकडून येतो. धान घरात यायची वेळ झाली की घरचे सगळं अंगणात काढून ठेवतात, तो वेगळा विषय.

सध्या एक जपानी डबल कॅसेट टू-इन-वन हाती आला आहे. मागची पाटी कोणीतरी खरवडली आहे, म्हणून मॉडेल विचारू नका. रेडिओ लागतो, मीडियम वेव्हवर नागपूर ५८५ दिवसाही स्वच्छ, पण मागे सतत घूंऽऽ चालू असते. कॅसेट लावली की डावा स्पीकर मुका. प्लेचं बटण दाबून धरलं तर क्षणभर बोलतो. एका डेकमध्ये आवाज ओढल्यासारखा संथ, दुसरा फिरतच नाही. आधीच्या मालकानं सोबत ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर दिला, तो या सेटला बरोबर आहे का तेही कळत नाही.

तालुक्याला दाखवला तर मिस्त्री म्हणे, कॅसेटचं मशीन काढून फेकू, ब्लूटूथ-यूएसबीचा बोर्ड बसवतो. गाणी ऐकायला मोबाईल आहेच हो! आबाजी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचे. मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) रात्री भरलेल्या सी-९० कॅसेटी आजीच्या पेटीत सापडल्या आहेत, त्या वाजवायच्या आहेत. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. मला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, सर्किट वाचता येत नाही. सुरुवात कुठून करू? बेल्ट कुठे मिळतील?

सोल्डरिंगवाले_काका
सगळ्यात आधी सेट त्या मिस्त्रीच्या दुकानातून घरी आणा.

मग एफएमचा डायल पाहा. आकडे ७६ ते ९० असतील तर सेट जपानमध्येच विकायला बनवलेला, म्हणजे १०० व्होल्टचा. ११० वर तो गरम होणार, आणि खेड्यात रात्री व्होल्टेज चढलं की आणखी. ८८ ते १०८ असेल तर बाहेर देशी पाठवायचा माल. अशा पुष्कळ सेटना ११०-२२० चा सिलेक्टर असतो, मागे किंवा सेलच्या कप्प्याजवळ शोधा. पन्नास-साठ हर्ट्झची काळजी नको, मोटर डीसी असते.

घूंऽऽ साठी सोपी परीक्षा: ट्रान्सफॉर्मर काढा आणि सेलवर चालवा. आवाज गेला तर दोष पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये. तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा टाका, प्लस-मायनस उलटं करू नका.

आबाजींची कॅसेट इतक्यात हातही लावू नका. पाच-दहा रुपयांची कुठलीही जुनी कॅसेट चाचणीला ठेवा.

वऱ्हाडी_टेप
मोठे आठ सेल आजकाल लई महाग पडतात भाऊ. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी लाव, आठ सेलवाला सेट असन तर. मधात फ्यूज टाकजो आणि प्लस-मायनस मीटरनं पाहूनच वायर जोडजो. डीसी इनच्या पिनीतून देशील तर आणखी सांभाळ, जुन्या जपानी मालात मधली पिन मायनस असते पुष्कळदा.

पुण्याची_डेक
डावा चॅनल जाण्याचं कारण बहुधा रेकॉर्ड-प्लेचा लांब सरकता स्विच. बोर्डावर असतो, बारीक पायांच्या दोन रांगा. आतले संपर्क काळवंडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारा आणि स्विच भरपूर वेळा मागेपुढे सरकवा. नट-बोल्ट मोकळे करायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका, धूळ धरून बसतो. बटण दाबल्यावर आवाज येतो म्हणताय, म्हणजे हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे.

संथ चालण्याचं कारण बेल्ट. इतक्या वर्षांत रबर सैल पडतं, किंवा वितळून डांबरासारखं पुलीला चिकटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन पुली पुसा. थिनर किंवा पेट्रोल नको, प्लास्टिक विरघळेल. पुलींवरून जाड दोरा फिरवून घेर मोजा आणि त्याहून पाच ते दहा टक्के लहान घेराचा बेल्ट घ्या. चौकोनी आहे की पट्टी तेही बघा. फीत ओढणारा कॅप्स्टनचा दांडा आणि फीत त्यावर दाबून धरणारा रबरी पिंच रोलर त्याच हाताने पुसा. रोलर चकचकीत कडक झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडा.

लाऊडस्पीकर_भंडारा
बेल्टसाठी नागपूरला सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात माप घेऊन जा. नाहीच मिळाले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन वेगवेगळ्या मापांची पाकिटंही मिळतात, पण त्यात पातळ माल फार.

एक विचारतो. कॅसेटी नागपूरच्या एखाद्या स्टुडिओत देऊन फाइल करून का घेत नाही? सेट मग निवांत दुरुस्त होईल.

धानवाला_नागभीड
विचार केला होता. पण एकुलती एक प्रत एसटीनं पाठवायला आजी तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

काका, डायल ८८-१०८ आहे, दोन शॉर्ट वेव्हही आहेत. सिलेक्टर खरंच निघाला, सेलच्या कप्प्यामागे मळाखाली! ११० वर लावलेला होता. पंपाच्या बॅटरीवर चालवला, घूंऽऽ गेली. क्लीनर मारल्यावर डावा स्पीकर पण सुरू. आता बुरशीचं सांगा.

पुण्याची_डेक
झकास. बुरशीवाल्या कॅसेटी बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, तोंडाला मास्क लावा. स्क्रूचं कव्हर असेल तर उघडून फीत नव्या कव्हरमध्ये घाला. चिकटवलेलं असेल तर कडेने जपून फोडावं लागतं. उघडलीच तर फितीमागची फेल्टची गादी पाहा. ती गळून पडली की आवाज दबका येतो आणि लोक उगाच हेडला दोष देतात. वाजवण्याआधी एकदा हळू पुढे-मागे गुंडाळा, फास्टवर सोडू नका. नंतर हेड आणि रोलर लगेच पुसा, नाहीतर पुढच्या कॅसेटला बुरशी जाईल.

आवाज तरीही बोथट वाटला तर हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा फिरवा. त्या रात्रीच्या टेपचं हेड जसं तिरपं होतं तसंच तुमचं करायचं आहे, म्हणून झांजेचा आवाज धारदार होईपर्यंत ऐकत फिरवा. बेल्ट बदलल्यावर वेग जुळत नसेल तर मोटरच्या मागच्या भोकात छोटा प्रीसेट (वेग कमी-जास्त करायचा स्क्रू) असतो.

सोल्डरिंगवाले_काका
आणखी एक. कॅसेटच्या वरच्या काठावरच्या दोन्ही चिपा तुटलेल्या आहेत ना पाहा, नसतील तर आजच तोडा, म्हणजे त्यावर चुकून रेकॉर्ड होणार नाही. आणि सेटमध्ये लाल रेकॉर्डचं बटण ज्या डेकला नाही तो आधी दुरुस्त करा. फक्त वाजवणाऱ्या डेकला इरेज हेड नसतं, चुकून काही पुसण्याचा प्रश्नच नाही. लाइन-आउट (आवाज बाहेर काढायची पिन) असेल तर तिथून लॅपटॉपला वायर द्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही. एमपीथ्री नंतर.

धानवाला_नागभीड
रेकॉर्डचं बटण नाही तोच फिरत नाही! म्हणजे आधी तोच उघडतो. चिपा एकाच कॅसेटच्या शाबूत होत्या, तोडल्या. दोऱ्यानं बेल्टचा घेर २१ सेंटिमीटर आला, बेल्ट चौकोनी आहे. पाच टक्के लहान घेऊ की दहा?

पुण्याची_डेक
साडेएकोणीस ते वीसमधला जो मिळेल तो. सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडी बघा, आणि एक जास्तीचा घेऊन ठेवा.