११५ व्होल्टचा जुना व्हॅक्यूम क्लीनर वापरावा की नुसता जपून ठेवावा?

लातूरकर :
नमस्कार. जालन्याच्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर दोन व्हॅक्यूम क्लीनर सापडले. त्यातील युरोक्लीन अजूनही व्यवस्थित चालतो, त्यामुळे त्याविषयी काही विचारायचे नाही. दुसरा इलेक्ट्रोलक्सचा असून आडव्या नळकांड्याच्या आकाराचा आहे. त्याच्या खाली दोन घसरपट्ट्या आहेत आणि धातूच्या अंगावर खवल्यांसारख्या नक्षीचे चामडेवजा आवरण आहे. माझे चुलत सासरे १९५० च्या दशकात शिक्षणासाठी अमेरिकेत होते आणि परतताना त्यांनी तो आणला, असे घरातील मंडळी सांगतात. पाटीवर ११५ व्होल्ट व एसी-डीसी असे कोरलेले आहे. वायरीवरचे कापडी वेष्टण वरून शाबूत दिसते, परंतु वायर वाकवली की आतील रबराचा काळा चुरा गळतो. मोटार हाताने फिरते, मात्र किंचित खरखर जाणवते. गल्लीतील मेकॅनिक म्हणतात, "लावून तर बघू." मला तसे करण्याची भीती वाटते. हे यंत्र सुरू करावे का, आणि केलेच तर घरातील सतरंज्या व गालिचा यांसाठी वापरता येईल का?

वाइंडर, नांदेड :
ताई, आपली भीती रास्त आहे. ११५ व्होल्टची मोटार आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावली, तर तिचा वेग भलताच चढेल आणि इन्शुलेशन जळून आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, निकामी होईल. 'बघू' म्हणेपर्यंत सगळे आटोपलेले असेल. ही युनिव्हर्सल मोटार आहे, म्हणजे मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. त्यामुळे अमेरिकेतील ६० हर्ट्झ आणि आपल्याकडील ५० हर्ट्झ या फरकाची चिंता करू नये. प्रश्न फक्त व्होल्टेजचा आहे.

वीज जोडण्यापूर्वी वायर संपूर्ण बदलावी लागेल, कारण रबराचा चुरा पडत असेल तर आतील तांबे कोठे ना कोठे उघडे पडलेलेच असते आणि यंत्राचे अंग धातूचे आहे. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासण्याच्या मीटरने) वाइंडिंग, म्हणजे मोटारीतील तारेची गुंडाळी, आणि अंग यांमधील रोध मोजून घ्यावा. तो १ मेगओमच्या खाली असेल तर पुढे जाऊ नये. पुष्कळदा हा दोष नुसत्या ओलाव्याचा असतो आणि मोटार बाहेर काढून उन्हात नीट वाळवली की आकडा सुधारतो. वाळवूनही सुधारला नाही, तर वाइंडिंगच बदलावे लागते. सिरीज दिवा (मोटारीशी ओळीने जोडलेला तपासणीचा दिवा) पेटला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये. दिव्याला थेट शॉर्ट दिसतो, झिरपणारा करंट दिसत नाही.

मेगरवर मोटार उतरली की वाइंडिंगच्या दुकानातील डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) ती ३०-४० व्होल्टपासून सावकाश चढवावी आणि कार्बनकडे, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणाऱ्या तुकड्यांकडे, लक्ष ठेवावे. कार्बनच्या टोकाशी निळसर, बारीक ठिणग्या दिसल्या तर हरकत नाही. पण कम्युटेटरभोवती (कार्बन टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाभोवती) पूर्ण वर्तुळाकार जाळ फिरू लागला, तर आर्मेचरच्या एखाद्या कॉइलमध्ये दोष आहे असे धरून वीज तत्काळ बंद करावी. कम्युटेटर काळवंडला असल्यास बारीक काचपेपरने पुसावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण वीजवाहक असू शकतात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून बसतात. खाचांतील अभ्रक पट्ट्यांच्या वर आलेले असेल, तर ते किंचित खाली खरवडावे लागते. अन्यथा नवे कार्बन लवकर झिजतात. कार्बन तंतोतंत मिळणार नाहीत. मोठ्या मापाचे आणून घासून बसवता येतात, पण ते खाचेत मोकळेपणाने सरकले पाहिजेत आणि त्यांचे टोक कम्युटेटरच्या गोलाईला पूर्ण टेकले पाहिजे.

खरखर बहुधा वाळलेल्या ग्रीसची असेल. जुने ग्रीस धुऊन नवे थोडेच भरावे. खोबरेल तेल सोडण्याची आपल्याकडील सवय येथे टाळावी. ते चिकट होऊन धूळ धरून ठेवते.

जुनी यंत्रे, छत्रपती संभाजीनगर :
वर्णनावरून हे इलेक्ट्रोलक्सचे अमेरिकेत विकले गेलेले ट्रिपल एक्स मॉडेल असावे. ते १९३७ मध्ये बाजारात आले आणि त्याचे रूप लुरेल गिल्ड या अमेरिकी डिझायनरने घडवले होते. घसरपट्ट्यांवर सरकणारे आडवे नळकांडे ही कल्पना मात्र कंपनीच्या १९२१ च्या 'मॉडेल व्ही'पासूनची आहे. त्यापूर्वीची घरगुती यंत्रे बहुधा उभी असत; १९०८ पासून हूव्हरने विकलेल्या यंत्रात तर धूळ आधी पंख्यातून जाऊन मग पिशवीत पडे. आपल्या यंत्रात हवा आधी पिशवीतून गाळली जाते आणि नंतर मोटारीकडे जाते.

वाइंडर दादांच्या मेगरशी मी सहमत आहे, पण वायरीविषयी थोडे वेगळे सुचवतो. मूळ वायर आणि मूळ प्लग फेकू नयेत. त्यांना चिठ्ठी बांधून यंत्रासोबत ठेवावे. नवी वायर मूळ छिद्रातूनच न्यावी आणि अंगाला नवे भोक पाडू नये. पुढे कोणाला यंत्र पूर्ववत करायचे झाले, तर ते शक्य राहिले पाहिजे. निकेलचे वा क्रोमचे भाग चकचकीत करण्याच्या नादात बफिंग मशीन लावणारे लोक मी पाहिले आहेत. मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला; मऊ फडके आणि कोमट साबणाचे पाणी एवढे पुरते.

घरात जुनी हिमरू शाल किंवा तसे वस्त्र असेल, तर त्यावर ब्रश चालवू नये. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून, कापडाला न टेकवता वरच्यावर फिरवावे. खरे तर हिमरूसाठी यंत्र वापरूच नये, असे माझे मत आहे.

परभणीकर :
मी अशा पद्धतीचे जुने यंत्र घरात वापरतो, म्हणून वापराविषयी लिहितो. पिशवीतून गाळून आलेली हवाच या यंत्राची मोटार थंड ठेवते. आपल्या काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की कापडी पिशवी अर्धीही भरलेली नसताना तिची छिद्रे बुजतात, हवा कमी होते आणि मोटार तापते. त्यामुळे पिशवी भरण्याची वाट न पाहता प्रत्येक वापरानंतर ती अंगणात उलटी करून झटकावी. धुऊ नये; धुतल्याने विणीची दाटी बदलते आणि आत राहिलेल्या मातीचा चिखल होतो.

दुसरे म्हणजे, नळीच्या तोंडावर तळहात ठेवला की मोटारीचा आवाज चढतो. तो ताणामुळे चढतो असे अनेकांना वाटते, पण प्रत्यक्षात पंख्याला ओढायला हवाच उरत नाही आणि मोटार हलकी होऊन वेगाने फिरते. हात ठेवूनही आवाज चढला नाही, तर नळी कोठेतरी फुटली आहे असे समजावे. तशी भेग सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पंक्चरचे सोल्यूशन यांनी तात्पुरती बुजवता येते. चुलीची राख, ओला कचरा, भिंतीच्या पुट्टीची भुकटी आणि घरात कापूस साठवला असल्यास त्याचे तंतू यांपासून यंत्र दूर ठेवावे. आठवड्यातून एकदा गालिचा आणि सतरंज्या एवढेच काम द्यावे. रोजच्या कामाला युरोक्लीन आहेच.

लातूरकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ वायर चिठ्ठी लावून ठेवते आणि मोटार मेगरसाठी नांदेडला पाठवण्याचा विचार आहे. एकच शंका उरते : घरात टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर पडून आहे, त्यातून ११५ व्होल्ट काढून घेता येतील का?

वाइंडर, नांदेड :
नाही, ताई. स्टॅबिलायझरमध्ये ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात एकच वाइंडिंग असल्याने बाहेर येणारी वीज घरच्या लाइनपासून वेगळी होत नाही आणि ते वाइंडिंग मध्येच तुटल्यास पूर्ण २३० व्होल्ट यंत्रापर्यंत पोहोचू शकतात. धातूच्या अंगाच्या जुन्या यंत्राला दोन स्वतंत्र वाइंडिंगचा, २३० ते ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरच लावावा. पाटीवर वॅट किती आहेत ते पाहून त्याच्या दुप्पट व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्यावा, कारण सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते. मोटार पाठवताना कार्बन काढून वेगळ्या पुडीत द्यावेत आणि कोणता कार्बन कोणत्या बाजूचा होता, हे त्यावर लिहावे.