मदत हवी आहे : ‘पियाफ’ला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. डेन्मार्कच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक हालचाली तालात व अचूक करून घेण्याचा घोडेस्वारीचा प्रकार) घोडेस्वार लिस हार्टेल यांच्या कारकिर्दीवर मी आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहीत आहे. 1944 मध्ये गरोदरपणातच पोलिओ होऊन त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली कायमचे लुळे पडले; तरीही 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जिथे ड्रेसाजमध्ये स्त्रियांना प्रथमच पुरुषांच्या बरोबरीने उतरता आले, त्यांनी ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक मिळवले. घोडीवर चढण्या-उतरण्यासाठी मात्र त्यांना आधार लागे. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. (ते ऑलिंपिक मेलबर्नचे, पण ऑस्ट्रेलियातील प्राण्यांच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली, हे मला आत्ताच कळले.)

अडचण अशी, की घोडा पुढे न सरकता तालात पाय उचलत राहतो त्या ‘पियाफ’ला मी ‘जागच्या जागी दुडकी’ असे लिहिले आहे आणि वाचताना ते थोडे हास्यास्पद वाटते. पागेतल्या बोलीत यासाठी रूढ शब्द आहे का? शिवाय, पोटऱ्यांचा दाब देणेच अशक्य असताना केवळ बैठक आणि अंगाचा तोल यांतून घोड्यापर्यंत इशारा कसा पोहोचतो, हे प्रत्यक्ष घोडेस्वारी केलेल्या कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.