मदत हवी आहे: चुनखडीच्या काळ्या रानात द्राक्षाला कोणता खुंट?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात दीड एकर जुनी थॉमसन द्राक्षाची बाग काढली. फेब्रुवारीत खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ते रोप) लावून ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरायचं आहे.

रान भारी काळं. दोन फुटांवर पांढरे खडे लागतात, त्यावर लिंबू पिळलं तर फसफसतं. माती तपासणीत सामू ८.३, मुक्त चुना १४ टक्के. पाणी बोअरचं, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) १.८. विहीर मार्चनंतर आटते, म्हणून दुसरा पर्याय नाही.

जुनी बाग डॉगरिज खुंटावर होती. काडी अंगठ्याएवढी जाड, पण घड मोजकेच. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली छाटणी) शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. फेरस सल्फेटच्या फवारण्या केल्या, ड्रिपमधून चिलेटेड लोह दिलं, शेणखतात गंधक मिसळून टाकलं. पंधरा दिवस हिरवं दिसतं, मग पुन्हा तेच. पाणी तोडून, नत्र कमी करून जोम आवरून पाहिला, तर मण्याची फुगवणच अडली.

वरच्या मुरमाड तुकड्यात हाच डॉगरिज झकास चालतो, त्यामुळे खुंटाला सरसकट नावं ठेवत नाही. नर्सरीवाले मात्र 'सगळे हाच लावतात' यापुढे बोलत नाहीत.

वाण थॉमसनच, अंतर ९ बाय ५ फूट.

भारी, चुनखडीच्या रानात ११० आर किंवा ११०३ पी हे खुंट लावून ज्यांनी निदान चार-पाच पिकं घेतलीत, त्यांनी सांगावं: पानांचा पिवळेपणा खरंच कमी झाला का, आणि खारं पाणी असताना एकरी माल डॉगरिजच्या तुलनेत किती निघाला?